सिंदळीची इर्जिक

तुफान येऊन गेलं आणि मग खरी धावपळ सुरू झाली. म्हणजे कचेरीत! सरकारी कचेरीतली धावपळ कशी असते, हे ज्यानं आयुष्यात एखादा दाखला काढलाय त्याला सांगायला नको. माणसं घाम पुसत या खोलीतून त्या खोलीत जातात, एकमेकांना "झालं का?" म्हणून विचारतात, आणि जे व्हायचं असतं ते जिथल्या तिथं राहतं.

निजामाचं राज्य होतं आणि दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. ऐन अश्विनात बंगालच्या बाजूनं तुफान आलं आणि नळदुर्गाच्या खाली बोरी नदीच्या काठानं जी गावं आहेत त्यांच्यावर तुटून पडलं. लिंबाची झाडं मुळासकट आडवी झाली. खळ्यावर काढून ठेवलेली बाजरी कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. घरांची मातीची छपरं, म्हणजे माळवदं, पाणी पिऊन जड झाली आणि घरातल्या माणसांच्या अंगावर बसली. सगळ्यात जास्त मार बसला तो सिंदळी नावाच्या गावाला, कारण सिंदळी नदीच्या पलीकडं, अगदी सखल जागेत होतं.

बोरपेठच्या कचेरीत विरुपाक्षप्पा नावाचे गिरदावर होते. गिरदावर म्हणजे आसपासच्या गावांचा सारा, पिकं आणि बंदोबस्त पाहणारा अंमलदार. हे गृहस्थ मूळचे उमरग्याकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. घरात कन्नड, गावात मराठी आणि कचेरीत उर्दू बोलायचे. तिन्ही भाषांत त्यांना एकच गोष्ट उत्तम यायची, ती म्हणजे हुकूम सोडणं. माणूस वाईट नव्हता. लाच खात नव्हता, कामाला कधी मागं सरत नव्हता. फक्त वरून आलेला हुकूम खाली ढकलताना खाली कोण उभं आहे हे बघायची सवय त्याला नव्हती.

तुफान ओसरल्यावरही विरुपाक्षांना एका जागी बसवत नव्हतं. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ते ओटीवर येरझारा घालत होते. तसं पाहिलं तर सगळं जुळून आलं होतं. जिल्ह्याकडं स्वार पाठवून त्यांनी लेव्हीच्या, म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या धान्याच्या, गोदामातलं धान्य देण्याचा हुकूम मिळवला होता. दवाखान्यातून औषधाची पेटी आली होती. विहिरीचं पाणी शुद्ध करायची जांभळी पूड आली होती. मीठसुद्धा आलं होतं. धान्य बोरपेठला आणि भूक चार कोसांवर सिंदळीला, एवढीच काय ती अडचण होती! लॉऱ्यांना पेट्रोल नव्हतं, आणि असतं तरी काळ्या रानातल्या त्या चिखलात लॉरी चाललीच नसती. चालली तर बैलगाडीच चालणार होती.

अशात सकाळीच सिंदळीहून एक माणूस आला. दगडोबा त्याचं नाव. कमरेपर्यंत चिखल, अंगावरचं धोतर ओलं. नदी पोहून आला होता. तो दारातच बसला आणि धाप लागल्या आवाजात बोलू लागला.

"साहेब, पेवात पानी शिरलं. जमिनीखाली ठिवलेली समदी जवारी भिजून फुगली, वास मारायली. खायाला दुसरं काय न्हाय, म्हनून लोक तीच शिजवून खायलेत. आन् आता वांत्या-हगवनी सुरू झाल्यात. माझी मथुरा चार सालांची हाय. काल सांजंपासून तिच्या पोटात पानी ठरंना."

"घाबरू नको," विरुपाक्ष म्हणाले. "धान्य आहे. औषध आहे. सगळं तयार आहे."

"मग द्या की मला, साहेब! घोटभर औषद द्या आन् धोतरात मावंल एवढी जवारी द्या. म्या ह्या पावली माघारी जातो."

"अरे, तू गेलास तर गाड्यांना उतार कोण दाखवणार? नदी ओलांडायची जुनी जागा तर वाहून गेली असणार. थांब इथं. आत्ता गाड्या मागवतो. पेटी गाडीतूनच जाईल. दुपारच्या आत तुझ्या गावात धान्य पोचलं म्हणून समज."

दगडोबा थांबला. सरकारी माणसानं थांब म्हटलं की थांबायचं, ही त्या काळी अंगवळणी पडलेली गोष्ट होती.

विरुपाक्षांनी शिपाई मदारसाबला बोलावलं. वाटेवर मुरमाळी नावाचं गाव होतं. उंचावर, खडकावर वसलेलं, म्हणून तुफानातून बरंचसं वाचलेलं. मुरमाळीत घरटी गाडी होती. सोलापूरच्या बाजारापर्यंत माल वाहणारी माणसं ती. "जा," विरुपाक्ष म्हणाले, "दवंडी दे. सगळ्या गाड्या जुंपून चावडीपुढं हजर करा म्हणावं."

"हौ साब," म्हणून मदारसाब निघाला. त्यानं नेहमीसारखी दवंडी दिली. ती काय दिली ते पुढं कळेलच.

थोड्या वेळानं विरुपाक्ष घोड्यावरून मुरमाळीत पोचले. मागून दगडोबा पळत येत होता. चावडीपुढं बघतात तो काय! गाड्या होत्या; अगदी रांगेनं होत्या; पण एकीलाही चाक नव्हतं. माल भरायच्या साट्या तेवढ्या जमिनीवर टेकून बसल्या होत्या. आणि अख्ख्या गावात एक बैल दिसत नव्हता. गोठ्यात शेण ताजं होतं, दावी मोकळी होती. गडीमाणूस औषधालासुद्धा सापडत नव्हता. दारोदार फक्त बायका आणि म्हातारी माणसं, आणि त्यांच्या तोंडावर असे भाव, की गाडीला चाक असतं हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"चाकं कुठं आहेत?" विरुपाक्ष ओरडले.

"वाऱ्यानं गेली असतील, साहेब," एक म्हातारा अगदी गंभीरपणानं म्हणाला.

झडती सुरू झाली. मदारसाबनं कडब्याच्या गंजी उपसल्या. एका गंजीत दोन चाकं निघाली. एक जोडी विहिरीच्या कपारीत निघाली. मग लक्षात आलं की चाकं मिळाली तरी आसाच्या टोकाला चाक धरून ठेवणाऱ्या खिळा नाहीत. खिळा शोधता शोधता सूर्य डोक्यावर आला. कडूबाई नावाची एक आंधळी आजी ओट्यावर बसली होती, ती उठायलाच तयार नव्हती. शेवटी दोन बायकांनी तिला हाताला धरून उठवलं, तर तिच्या बुडाखालच्या पोत्यात गावातल्या साऱ्या खिळा! मदारसाब जिंकल्यासारखा हसला. विरुपाक्षही क्षणभर खूश झाले. आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं की चाकं आहेत, खिळा आहेत, पण ओढायला बैल कुठं आहेत?

विरुपाक्षांच्या अंगाचा तिळपापड झाला. "चार म्हाताऱ्यांना धरून चावडीत बसव!" ते मदारसाबला म्हणाले. "बघू, पोरं कशी येत नाहीत ती!"

"पाणी प्या आधी, साहेब," मागून आवाज आला.

धुरपदाबाई आपल्या ओसरीत भिजलेल्या शेंगा निवडत बसली होती. मुरमाळीतली ही मोठी खातेदारीण. नवरा गेल्यावर शेत, बैल, गाड्या सगळं तिनं एकटीनं सांभाळलं होतं, आणि गावात कुणाचं भांडण झालं तर चावडीआधी माणसं तिच्या ओसरीला येत. ती उठली नाही. शेंगा निवडतच बोलली.

"पाणी प्यायला वेळ नाही मला!" विरुपाक्ष कडाडले. "तिकडं सिंदळीत पोरंबाळं मरायला टेकलीत आणि तुमचं गाव बैल लपवतंय! काही माणुसकी शिल्लक आहे का नाही या गावात?"

"मानुसकी हाय की. पन तिला कुनी हाक मारली न्हाय, साहेब. तुमी बेगारीला हाक मारली. बेगार पळून गेली."

"म्हणजे?"

"तुमच्या मानसानं दवंडीत काय सांगितलं? 'सरकारी कामासाठी गाड्या हाजीर करा, न्हायतर सजा!' सिंदळीचं नाव तरी घेतलं का? भुकेल्या लेकरांचं नाव घेतलं का?"

विरुपाक्षांनी मदारसाबकडं पाहिलं. मदारसाब जमिनीकडं बघू लागला. "साब, हमेशा जैसा बोलतूँ वैसाच बोला मैं," तो पुटपुटला.

"त्याला नका बोलू," धुरपदाबाई म्हणाली. "सरकारी काम म्हंजी काय, हे ह्या गावाला तुमीच शिकवलंय. गेल्या साली मोठे साहेब शिकारीला आले. त्यांचे तंबू, पलंग, आन् कोंबड्यांची खुराडीसुद्दा आमच्या गाड्यांतून गेली. ऐन पेरनीत! बैलांना वैरन न्हाय, मानसांना भाकर न्हाय. महारुद्राचा बैल चढावर कोसळला. तवा तुमी घोड्यावर हुता. काय म्हनलाव, आठवतंय का?"

विरुपाक्षांना आठवत होतं. न आठवण्यासारखं काही नव्हतं त्यात.

"तुमी म्हनलाव, दुसरा जुंपा!"

कागदावर बेगार, म्हणजे माणसाला फुकट राबवणं, कधीच बंद झाली होती. विरुपाक्षांनी तो हुकूम स्वतः गावोगाव वाचून दाखवला होता आणि परतताना त्याच गावातून फुकट गाडी घेतली होती.

"पण बाई," त्यांचा आवाज आता उतरला होता, "आजचं काम तसं नाही. आजचं काम खरंच लोकांचं आहे."

"ते तुमाला ठावं. त्यांना कसं कळावं? ढोल तोच, शिपाई तोच, बोल तेच. दर वेळी ज्या हाकेनं मानसाला लुटलं, त्याच हाकेनं आज त्याला पुन्य करायला बोलवायचं! येईल का तो?"

मदारसाब जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साब, रपट लिख देव ना. गाडीवाले भाग गए बोलके. अपने सर पे कुछ नै आता."

आता मंडळी, इथं थोडं थांबून बघा. मदारसाब म्हणत होता ते खोटं नव्हतं. धान्य मंजूर केलं, गाड्या मागवल्या, गावकऱ्यांनी असहकार केला, असं लिहिलं असतं तर विरुपाक्षांच्या नोकरीला कुणी बोट लावू शकलं नसतं. आपण सगळे असं कितीदा तरी करतो. आपल्या वाटणीचं केलं की हात झटकतो. विरुपाक्षांच्या मनातही ते येऊन गेलं, नाही असं नाही. पण त्यांची नजर दगडोबाकडं गेली. तो ओसरीच्या पायरीशी उभा होता, कुणाकडंही न बघता सारखा नदीच्या दिशेनं बघत होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"बाई, मी काय करू ते सांगा," विरुपाक्ष म्हणाले.

"इर्जिक घाला."

इर्जिक! शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या विरुपाक्षांना तिचा अर्थ सांगायची गरज नव्हती. आता ही रीत मोडत चाललीय, म्हणून आपल्याला सांगतो. कुणा एकाचं काम अडलं, नांगरट राहिली, मळणी राहिली, की तो स्वतः घरोघर जाऊन सुपारी देतो. गडी पाठवून चालत नाही. मग सगळे आपापले बैल घेऊन येतात आणि त्याचं काम उरकून देतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्यानं इर्जिक घातली त्यानं सगळ्यांच्या आधी औत धरायचं, माणसांना जेवण आणि बैलांना वैरण घालायची आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः जेवायचं. इर्जिकीची सुपारी नाकारायची नाही, हा सगळ्यांनी पाळलेला नेम. दुश्मनाची असली तरी!

"सरकार कुठं इर्जिक घालतं का?" विरुपाक्ष म्हणाले. "वर कळलं तर हसतील मला."

"हसू द्या. सरकारला बसू द्या कचेरीत. तुमी घाला."

तिनं आतून सुपाऱ्या आणल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. "बैल मागच्या माळाच्या घळीत हायेत," ती म्हणाली. "शिपाई नेऊ नका. घोडा नेऊ नका. आन् भाकरीची काळजी करू नका. पीठ तुमच्या घरचं आना, चूल आमची."

विरुपाक्ष पायी निघाले. मागं दगडोबा. माळाचा तो चढ कुणी पूर्वी त्यांना पायी चढताना पाहिलं नव्हतं. घळीत पोचले तेव्हा मुरमाळीची सगळी गडीमाणसं बैलांच्या वेसणी धरून उभी होती. पुढं महारुद्र होता. धिप्पाड माणूस, त्याच्या हातात एकाच बैलाचा कासरा होता.

"शिपाई कुठंय?" महारुद्रानं विचारलं.

"नाही आणला."

"मग कशाला आलाव?"

विरुपाक्षांनी सुपारी पुढं केली. "इर्जिकीला बोलवायला आलोय."

पाठीमागं कुणीतरी फिसकन हसलं. महारुद्र हसला नाही. "कुनाच्या रानात?"

"सिंदळीच्या. गाव बसलंय. पेवात पाणी गेलंय, सडकी ज्वारी खाऊन पोरं आजारी पडलीत. धान्य बोरपेठला पडून आहे आणि न्यायला गाडी नाही. हा दगडोबा सिंदळीचा. त्याला विचारा."

कुणी विचारलं नाही. दगडोबाकडं बघितल्यावर विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"आन् इर्जिक घालनार कोन? सरकार?"

"मी."

महारुद्रानं हातातला कासरा मुठीत आवळला. "माझा बैल पडला तवा..."

"तेव्हा मी म्हणालो, दुसरा जुंपा," विरुपाक्षांनी त्याचं वाक्य पुरं केलं. "तुझ्या बैलाचा जीव मी घेतला. माझी चूक झाली, महारुद्र. माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

"माफी बिफी म्या काय देत न्हाय," महारुद्र म्हणाला. "तो बैल म्या वासरापासून वाढवला हुता. पन सुपारी नाकारायची आमची रीत न्हाय. म्या येतो. तुमच्यासाठी न्हाय. सिंदळीसाठी." आणि त्यानं सुपारी उचलली.

मग काय! एकामागून एक हात पुढं आले. सुपाऱ्या संपल्या, तरी माणसं येतच राहिली. "साहेब, मला सुपारी नगं, म्या निघालोच," असं म्हणत एकेक जण बैल हाकत माळ उतरू लागला. सकाळपासून जी गाडी मिळेना, ती आता वाटेवर मावेना! लपवलेली बाकीची चाकं बाहेर निघाली, कडूबाईनं खिळांचं पोतं स्वतः पुढं केलं, आणि वर बजावलं, "मोजून माघारी द्या."

पहिली गाडी विरुपाक्षांनी जुंपली. वडिलांच्या घरी असताना केलेलं काम. हात विसरले होते. जू बैलाच्या खांद्यावर चढवताना बैलानं शिंग उडवलं, तशी दोन-चार पोरं हसली. महारुद्रच पुढं झाला. "आसं न्हाय. जुवाची खुंटी, शिवळ, आधी घाला," म्हणाला आणि बाजूला उभा राहून बघत राहिला. त्यानं स्वतः मात्र हात लावला नाही. त्याच्या एका बैलाला शेजाऱ्यानं आपला एक बैल जोड दिला.

गाड्या बोरपेठला गेल्या, पोती चढली, औषधाची पेटी चढली, विरुपाक्षांच्या घरचं पीठ चढलं. कचेरीतल्या घोड्यांसाठी ठेवलेली वैरण विरुपाक्षांनी गाड्यांत टाकायला लावली, तेव्हा कारकून घाबरून पाहत राहिला. मदारसाबनं आपला सरकारी पट्टा काढून खिशात घातला आणि मागच्या गाडीच्या चाकाला खांदा लावला.

दगडोबा सगळ्यांच्या पुढं पळत होता. काळ्या रानात चाकं आसापर्यंत रुतत, माणसं कुदळीनं चिखल उकरत, पुन्हा जोर लावत. "चला, चला," दगडोबा मागं वळून म्हणे, "आता थोडंच ऱ्हायलंय." नदीवर त्यानं नवा उतार दाखवला. पाणी बैलांच्या पोटाला लागत होतं. एकेक गाडी दोराला धरून उतरवली, एकेक ढकलून वर काढली. विरुपाक्षांचे तळहात सोलून निघाले होते. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

सिंदळीत पोचले तेव्हा दिवस बुडत आला होता. गाव म्हणून जे होतं ते मातीचे ढीग होते आणि त्यांच्यामध्ये माणसं बसली होती. गाड्या बघून आधी कुणी उठलंच नाही; त्यांना खरं वाटत नव्हतं. मग एक बाई उठली, मग सगळेच धावले. मुरमाळीच्या माणसांनी चुली मांडल्या. औषध वाटलं गेलं, विहिरीत पूड पडली. गरम भाताचा वास सुटला आणि पोरं थाळ्या घेऊन आली.

विरुपाक्ष दगडोबाला शोधत होते. औषधाची पहिली मात्रा त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला काढून ठेवली होती.

गावाच्या कडेला एका पडक्या भिंतीपाशी तो सापडला. तिथं त्याची बायको बानूबाई बसली होती आणि तिच्यासमोर वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी लहानसं होतं. वाकळ पूर्ण ओढलेली होती.

"दुपारी गेली," शेजारची म्हातारी म्हणाली. "बापाला हाका मारीत हुती."

दुपारी! दुपारी विरुपाक्ष गंजीतून चाकं काढत होते. दुपारी ते आंधळ्या म्हातारीला उठवून खिळा शोधत होते. आणि सकाळी, सकाळी तर हा बाप घोटभर औषध मागत होता, आणि ते त्याला म्हणाले होते, थांब.

दगडोबा उठला. त्यानं डोळे पुसले, विरुपाक्षांच्या जवळ आला आणि अगदी हळू आवाजात बोलला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब, गाड्या कुठं अडल्या हुत्या, ते म्या कुनाला सांगनार न्हाय. तुमची नोकरी हाय."

विरुपाक्षांना रडू फुटलं. सगळ्या गावादेखत ते हुंदके देऊन रडले. "सांग!" ते म्हणाले. "सगळ्यांना सांग, दगडोबा. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

रीतीप्रमाणे त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी त्यांच्यापुढं ताट आलं. ते त्यांनी तसंच कपाळाला लावून परत दिलं.

पुढं काम थांबलं नाही. सिंदळीच्या भिंती उभ्या करायला मुरमाळीनं इर्जिक केली, मुरमाळीचं बघून दुसरी गावं आली. कुणी दगड आणले, कुणी लाकूड, कुणी नुसतेच हात. विरुपाक्ष रोज एका गावाला जात, स्वतः बोलत, काय काम आहे, कुणासाठी आहे ते नीट सांगत. ज्या गावाची पेरणी खोळंबली असेल त्याला आज येऊ नका म्हणत. नवल असं, की येऊ नका म्हटलेली गावंसुद्धा एखादी गाडी धाडत.

मग जिल्ह्याहून मोठे साहेब पाहणीला निघाल्याचा निरोप आला. मुक्कामाच्या तंबूसाठी गाड्या धरून ठेवा, असंही त्यात होतं. कारकुनानं तो निरोप वाचला आणि सवयीनं मदारसाबकडं पाहिलं. विरुपाक्ष म्हणाले, "कळवून टाका. गाड्या सिंदळीच्या भिंतींना लागल्या आहेत. तंबूला मिळणार नाहीत."

कचेरीत सगळ्यांची पाचावर धारण बसली. पण साहेब आले. मोटार पक्क्या रस्त्यावर सोडून चिखल तुडवत आले, उभ्या राहणाऱ्या भिंती पाहिल्या, आणि त्यांचा राग वाटेतच कुठंतरी निवला असावा. सगळ्या गावापुढं त्यांनी विरुपाक्षांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास, गिरदावर! वेळेवर मदत पोचवलीत. रपटीत वाचलं मी."

गप्प बसायचं, मान लववायची, एवढंच बाकी होतं! बढती ठरलेली होती. समोर गर्दीत दगडोबा खाली बघत उभा होता. त्यानं खरंच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"नाही साहेब," विरुपाक्ष म्हणाले. "मदत वेळेवर पोचली नाही. कचेरीनं नेहमीच्या साच्यात लिहून पाठवलेली रपट चुकीची आहे."

साहेबांनी हात काढून घेतला.

"वर्षानुवर्षं मी या लोकांच्या गाड्या जुलमानं धरल्या. म्हणून तुफानाच्या वेळी माझी हाक ऐकून गाव पळालं. अर्धा दिवस मी चाकं शोधत बसलो. तेवढ्यात या दगडोबाची लेक गेली. सकाळी त्यानं माझ्याकडं औषध मागितलं होतं, आणि मी त्याला थांबवून ठेवलं. तुफानानं तिला मारलं नाही, साहेब. बेगारीनं मारलं. माझ्या हातानं."

मागच्या बाजूला काहीतरी हललं. बानूबाई बायकांमधून पुढं येत होती. पदर डोक्यावरून ओढलेला, चालणं सावकाश. ती विरुपाक्षांच्या अगदी समोर येऊन थांबली. सगळ्यांना वाटलं, आता ही शिव्याशाप देणार, आणि तिनं दिले असते तर कुणी तिला अडवलं नसतं.

"तुमीच व्हता का ते, थांब म्हननारे?" तिनं विचारलं.

"होय, बाई. मीच."

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"मग फुडल्या बारीला," ती म्हणाली, "आदी औषद द्या. मग थांब म्हना."

एवढंच बोलून ती परत गेली. विरुपाक्षांना बढती मिळाली नाही. उलट पुढच्या साली त्यांची दूरच्या तालुक्यात बदली झाली. पण ते असेतोवर त्या भागात कुणाची गाडी धरली गेली नाही, आणि गाड्यांची चाकं कुणी काढून ठेवली नाहीत.

मंडळी, तुफान काही आपल्याला विचारून येत नाही. ते आलं की आपण धान्य शोधतो, औषध शोधतो, गाड्या शोधतो. हे सगळं मिळतं. पण एकमेकांवरचा विश्वास त्या दिवशी शोधून मिळत नाही. तो चांगल्या दिवसांतच कमवावा लागतो. सत्ता हातात असताना ज्यानं माणसाला वेठीला धरलं, त्याची हाक संकटात कुणी ऐकत नाही, आणि त्याची किंमत त्याला नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकराला मोजावी लागते. म्हणून आपल्या हाताखाली जो कुणी असेल, घरात, शेतात, कचेरीत, त्याच्याशी आज कसं बोलतो आहोत ते आजच बघा. आणि दारात आलेला माणूस घोटभर औषध मागत असेल, तर त्याला थांबवू नका.